चांगीला सव्वाअकरा तासांचा थांबा, सोबत बाबा. वेळ कसा घालवावा?

स्वरदा_म

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात मी आणि माझे बाबा सिंगापूरमार्गे प्रवास करणार आहोत. जाताना चांगी विमानतळावर सकाळी ६.१० ला उतरायचं आणि पुढचं विमान संध्याकाळी ५.२५ ला. येताना रात्री ११ ला उतरून सकाळी ७ ला निघायचं. सगळं एकाच तिकिटावर आहे, मोठ्या बॅगा थेट शेवटच्या ठिकाणी मिळतील. सिंगापूरचा व्हिसा काढलेला नाही. काढायचा ठरवला तर तीन आठवडे हातात आहेत.

बाबा ७१ वर्षांचे आहेत. सपाटीवर वीस-पंचवीस मिनिटं आरामात चालतात, जिना मात्र गुडघ्यांना सोसत नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर त्यांनी ३४ वर्षं पाळ्यांमध्ये काम केलं, त्यामुळे जागरणाबद्दल त्यांची तक्रार नसते. खरं तर कशाबद्दलच नसते, आणि माझी अडचण तीच आहे. कुठेही बसवलं की म्हणतात, "मी बॅगा बघतो, तू फिरून ये."

चार वर्षांपूर्वी आई, बाबा आणि मी असेच एका विमानतळावर नऊ तास अडकलो होतो. तेव्हा मी फार घाबरट होते. गेट चुकेल, बॅग हरवेल, बाबांचा पाय दुखेल, या भीतीने मी दोघांना एका ओळीतल्या तीन खुर्च्यांवर बसवून ठेवलं. समोरच्या काचेतून विमानं दिसत होती. आई दोनदा म्हणाली, "जरा त्या टोकापर्यंत जाऊन येऊ या का?" मी दोन्ही वेळा "नंतर" म्हणाले. त्यानंतर वर्षभरात आई गेली. ते नऊ तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

म्हणून या वेळी नीट विचारून जायचं ठरवलंय. दिवसाच्या थांब्यात बाहेर पडावं की आतच राहावं? रात्रीचे आठ तास कसे काढावेत? आणि "मी ठीक आहे" म्हणणाऱ्या माणसाला खुर्चीतून उठवायचं कसं?

---

प्रवासी_पक्षी

स्वरदाताई, दिवसाच्या थांब्यासाठी सरळ उत्तर आहे. चांगीवर ट्रान्झिट, म्हणजे फक्त विमान बदलणाऱ्या प्रवाशांसाठी मोफत शहरदर्शन असतं. थांबा किमान साडेपाच तासांचा आणि २४ तासांपेक्षा कमी असला की नाव नोंदवता येतं. बसने नेतात, मार्गदर्शक सोबत असतो, अडीच तासांत परत आणून सोडतात. रस्ता चुकायची भीती नाही आणि परतायच्या वेळेची जबाबदारी त्यांची.

अट एकच. तुम्ही इमिग्रेशन ओलांडून सिंगापुरात प्रवेश करणार, म्हणजे तुमच्या पासपोर्टाला व्हिसा लागत असेल तर तो हवा. शिवाय प्रवेशाआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. जागा मर्यादित असतात, त्यामुळे नोंदणी घरूनच करून ठेवा.

इस्तंबूललाही तिथली विमानकंपनी ६ ते २४ तासांच्या थांब्यासाठी असंच शहर दाखवते, मी केलंय. विमानतळ शहरापासून लांब असल्यामुळे स्वतःहून जायचं धाडस मला झालं नसतं.

---

दर्यावर्दी_सेकंड

मी व्यापारी जहाजावर सेकंड इंजिनीअर आहे. जहाज जगाच्या ज्या बंदरात असेल तिथे जाऊन चढायचं आणि कुठल्याशा दुसऱ्या बंदरात उतरून घरी यायचं, असं २२ वर्षं चाललंय. त्यामुळे विमानतळावर काढलेले माझे तास मोजले तर महिने भरतील. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वजाबाकी करा. तिकिटावर सव्वाअकरा तास दिसतात, पण ते सगळे तुमचे नाहीत. विमानातून उतरून इमिग्रेशनच्या बाहेर पडेपर्यंत एक तास धरा. शहरात जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. मेट्रोने गेलात तर तानाह मेराला गाडी बदलावी लागते, गुडघे दुखणाऱ्याला तेही जमेत धरावं लागतं. विमानाच्या अडीच तास आधी परत आत. झाले पाच तास. उरले सव्वासहा. आता शरीराचा हिशोब. रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाला अंघोळ आणि थोडी झोप मिळून दोन तास तरी द्यायलाच हवेत, ते तुम्ही दिले नाहीत तर ते दुपारी स्वतःच वसूल होतात. म्हणजे हातात राहिले चार तास आणि थोडी मिनिटं. चार तासांत एक गोष्ट छान होते. तीन गोष्टी करायला गेलात तर तिन्हीचे फक्त फोटो हाती लागतात.

हेच गणित सहा तासांच्या थांब्याला लावून पाहा, काहीच उरत नाही. म्हणून सहाच्या आत मी विमानतळ सोडत नाही. त्याला अपवाद करावासा वाटतो अशी मोजकी ठिकाणं आहेत. अ‍ॅमस्टरडॅमला स्टेशन विमानतळाच्या पोटातच आहे, आगगाडीने पाव तासात शहराच्या मध्यावर. आणि उलट टोकाला अमेरिका. तिथे आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी वेगळा ट्रान्झिट भाग ही गोष्टच नाही. फक्त विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि व्हिसा लागतो. आम्हा जहाजावरच्या माणसांना त्यासाठीच सी-१/डी नावाचा व्हिसा काढावा लागतो. तिथला चार तासांचा थांबा हा रांगेतलाच थांबा असतो.

आता रात्रीचे आठ तास. इथे मला तुमच्याकडून एक वचन हवंय: झोपताना मोबाइलवर गजर लावायचा नाही, टायमर लावायचा. का, ते सांगतो.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विमानतळावर रात्री दोनला आडवा झालो. बोर्डिंग सहाला. साडेपाचचा गजर लावला, बॅगेचा पट्टा पायात अडकवला आणि झोपलो. फोन विमान-मोडवरच राहिला होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आपण दुसऱ्या देशात आलोय. त्याचं घड्याळ अडीच तास मागे होतं. त्याच्या हिशोबाने साडेपाच वाजले तेव्हा बाहेर आठ वाजले होते. डोळे उघडले ते उन्हानेच. गेटकडे काळोखातच निघायचं होतं, आणि माझ्या बुटांवर ऊन पडलं होतं. त्या क्षणाला पोटात जे झालं ते अजून आठवतं.

विमान गेलं. दुसरं विमान दुसऱ्या दिवशी. जहाज त्याच रात्री बंदर सोडून निघालं. नुकसान माझं झालं असतं तर मी ते गिळलं असतं. पण ज्याला मी सोडवणार होतो, तो माणूस सात महिने काम करून, सामान बांधून, माझी वाट बघत बसला होता. तो पुढच्या बंदरापर्यंत आणखी १९ दिवस अडकला. मी त्याला फोन केला तेव्हा तो मला एक शब्दही बोलला नाही, "चल, होतं असं" म्हणाला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून टायमर. "तीन तासांनी उठव" एवढंच सांगायचं. कुठल्या देशातले तीन तास हा प्रश्नच येत नाही. आणि दोन टायमर, दोन फोनवर.

झोपण्याची जागा गेटच्या शक्य तितकी जवळ निवडा. चांगीवर ट्रान्झिट भागात पाय लांब करून पडता येईल अशा खुर्च्यांचे कोपरे आहेत, फुकट. टर्मिनलच्या आतच तासांवर खोली देणारं ट्रान्झिट हॉटेलही आहे, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही. बाबा सोबत आहेत तर रात्रीसाठी मी खोली घेईन. तुमची विमानं कोणत्या टर्मिनलची आहेत तेही आधी बघून ठेवा. १, २ आणि ३ एकमेकांना जोडलेली आहेत, ४ वेगळं आहे आणि तिथे बसने जावं लागतं.

दुकानांत मात्र वेळ घालवू नका असं मी सांगेन. गंमत अशी की ड्युटी-फ्रीचा जन्मच थांब्यातून झाला. अटलांटिक ओलांडण्याआधी विमानं इंधन भरायला आयर्लंडमधल्या शॅननला उतरायची, प्रवाशांना खाली उतरून ताटकळावं लागायचं, तिथे १९४७ मध्ये जगातलं पहिलं ड्युटी-फ्री दुकान उघडलं. म्हणजे त्या दुकानांना आपल्या थांब्याची गरज आहे. आपल्याला त्यांची आहे का, ते आपण ठरवायचं.

---

स्वरदा_म

सेकंडसाहेब, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. तुमची १९ दिवसांची गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "रिलीव्हर आला नाही की काय होतं ते मला माहीत आहे." त्यांच्या पंपहाउसवर पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर जागा सोडता यायची नाही. टायमरचं वचन त्यांनी स्वतः दिलंय.

वजाबाकी करून पाहिली. व्हिसाची धावपळ, रांगा आणि शहर, यात बाबांचा दिवस दमण्यातच जाईल असं वाटतंय. आतच राहायचं जवळजवळ ठरलं. पण मग चांगीवरच्या ज्वेल इमारतीतला तो मोठा धबधबा राहून जाणार याची हुरहुर आहे. पाण्याचं काहीही असलं की बाबा रमतात. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे ना?

---

निळीछत्री

स्वरदा, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या सासूबाईंना घेऊन तीनदा असा प्रवास केलाय, म्हणून बाबांच्या गुडघ्यांपासून सुरुवात करते.

विमानकंपनीकडे व्हीलचेअरची मागणी आजच नोंदव, निदान ४८ तास आधी तरी हवीच. "ते चालतात, मग कशाला" असं मनात आणू नकोस. या मदतीचे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस जिना चढू शकतो, विमानात स्वतः चालू शकतो, फक्त लांब अंतर नको. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही नको. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. बाबांसाठी मधला. हा प्रकार नोंदला नाही आणि विमान लांब उभं करून शिडीने उतरवलं, तर गुडघ्यांची परीक्षा तिथेच होते.

पण लांब थांब्यात या मदतीची एक अडचण असते. मदतनीस माणसाला व्हीलचेअरवाल्यांच्या बसायच्या जागेत आणून सोडतो आणि पुढच्या विमानाच्या वेळी न्यायला येतो. पहिल्या वेळी आम्ही तिथे सात तास बसून राहिलो, कारण उठलो तर नंतर कोणी येणार नाही असं वाटलं. तसं नसतं. काउंटरवर सांगायचं, "आम्ही स्वतः फिरणार आहोत, अमुक वाजता अमुक ठिकाणी न्यायला या," आणि त्यांच्याकडून ते लिहून घ्यायचं. लिहून घेतलेला तो चिठोरा माझ्या सासूबाई पासपोर्टात ठेवतात.

आता बाबांना उठवायचं कसं. त्यांना खरं कारण सांग. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. चार तास किंवा जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरायचं कारण नाही, निरोगी माणसांत हा धोका सुमारे ६,००० मध्ये एक इतकाच आहे. पण थोड्या काळात एकामागून एक विमानप्रवास झाले की तो वाढतो, आणि कनेक्टिंग फ्लाइट म्हणजे नेमकं तेच. दोन विमानांच्या मधले तास ही पायांना मिळालेली सुटी आहे, ती खुर्चीत घालवायची नाही. तासातून पाच-सात मिनिटं चालणं, आणि बसल्या जागी टाचा उचलून पोटऱ्या आवळणं, एका वेळी वीसदा. बाबांचं वय आणि रक्तदाब वगैरे पाहून त्यांच्या डॉक्टरांनाही एकदा विचार. औषधं हातातल्या बॅगेत, आणि गोळीची वेळ घड्याळाप्रमाणे न पाहता मागच्या गोळीपासून किती तास झाले ते मोजून. सेकंडसाहेबांचा टायमर इथेही लागू पडतो.

आतच राहणार असाल तर फुलपाखरांच्या बागेत जाच. टर्मिनल ३ मध्ये ट्रान्झिट भागातच आहे, दोन मजली, जाळीने बंद केलेली, दमट. सगळे उडणाऱ्या फुलपाखरांचे फोटो काढतात आणि निघून जातात. तू बाबांना कोषांच्या पेटीपाशी घेऊन जा. कोष ओळीने टांगलेले असतात, काही हिरवे, काही सुक्या पानासारखे. आम्ही बघत असताना एकाचं आवरण पारदर्शक झालं होतं, आतल्या पंखांचा रंग दिसत होता. मग ते खालून उकललं. बाहेर आलेल्या जिवाचे पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले होते. तो रिकाम्या कोषालाच धरून लोंबकळत राहिला, आणि पंख हळूहळू, अगदी हळूहळू सरळ होत गेले. पाऊण तास गेला. सासूबाई त्या पाऊण तासात उभ्या होत्या हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट. चांगीच्या १, २, ३ टर्मिनलांत सुरक्षा तपासणी गेटपाशीच होते. तिथे पाण्याची भरलेली बाटली आत जात नाही, तोच १०० मिलिलिटरचा नियम. आणि तपासणीनंतरच्या काही गेट-खोल्यांत स्वच्छतागृह नसतं. बाबांना आत शिरण्याआधीच जाऊन यायला सांग, नाहीतर तपासणी पुन्हा करावी लागते.

---

अक्षरधारा

माझं मत थोडं वेगळं. इतकं नियोजन कशाला? एखाद्या लाउंजमध्ये पैसे भरून बसा, अंघोळ करा, मऊ खुर्चीत झोप काढा. मी दोहाला दहा तास असेच काढले. मधे एक फेरी मारली, तिथल्या सात मीटर उंच पिवळ्या अस्वलाच्या शिल्पापाशी थोडा वेळ थांबलो, आतल्या झाडांच्या बागेत बसलो आणि परत येऊन झोपलो. ताजातवाना होऊन पुढच्या विमानात चढलो. सोबत वयस्क माणूस असेल तर आराम हाच खरा कार्यक्रम.

---

दर्यावर्दी_सेकंड

अक्षरधारा, आराम हवाच, त्यावर वाद नाही. पण लाउंजमध्ये वेळेची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी दोन-तीन तासच बसू देतात. अकरा तासांचा तो उपाय होत नाही. आणि स्वरदाताईंनी लिहिलेलं वाचलं तर त्यांना खुर्चीच नकोय.

ताई, धबधब्याचं सांगतो. ज्वेल ही इमारत इमिग्रेशनच्या बाहेर आहे हे खरं. पण टर्मिनल २ आणि ३ यांच्यामधली स्कायट्रेन ज्वेलच्या आतून जाते, आणि ट्रान्झिट प्रवाशांचा डबाही त्याच मार्गाने जातो. म्हणजे व्हिसा न काढता, जिना न चढता धबधबा दिसतो. काही क्षणच दिसतो, पण गाडीला तिकीट नाही आणि ती पुन्हा पुन्हा पकडता येते.

बाबांसाठी तपशील देऊन ठेवतो. उंची ४० मीटर, इमारतीच्या आत असलेला जगातला सर्वांत उंच धबधबा. छताला मधोमध गोल भोक आहे, त्यातून पाणी पडतं. पूर्ण जोरात असताना मिनिटाला सुमारे ३७,८५० लिटर. पावसाचं पाणी त्यासाठी वापरतात. इमारत २०१९ मध्ये उघडली, वास्तुकार मोशे साफ्दी. आणि हे विसरू नका: पाणी सकाळी दहा-अकराच्या पुढे सुरू होतं आणि रात्री दहाला थांबतं. तुम्ही सहाला उतराल तेव्हा भोक कोरडं असेल. म्हणून आधी अंघोळ, झोप, फुलपाखरं, आणि धबधबा दुपारी.

---

स्वरदा_म

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आम्ही परवा परत आलो. आल्यावर कळवायचं ठरवलं होतं, म्हणून लिहितेय.

जाताना उतरल्यावर मदतनीस आम्हाला बसायच्या जागेत घेऊन गेला. निळीछत्रीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काउंटरवर बोलले आणि "३.३०, टर्मिनल ३" असं लिहून घेतलं. चिठ्ठी बाबांनी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली आणि दिवसभर अधूनमधून खिसा चाचपत राहिले. पैसे भरून अंघोळीची सोय होती, ती केली. मग आडव्या खुर्च्यांवर झोपलो. दोन तासांचे दोन टायमर. बाबांनी बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळला, सेकंडसाहेब, तुमच्यासारखाच. रात्रपाळीला किल्ल्यांचा जुडगा असाच गुंडाळून बसायचे म्हणाले. हे मला आजवर माहीत नव्हतं.

कोष उकलताना बघायला मिळाला नाही. एक उकलून गेलेला होता, त्याचं सालपट बाबा वाकून बघत होते. बागेत आम्ही तास-सव्वातास होतो.

धबधबा पाहायला साडेबाराला टर्मिनल २ कडे निघालो. पहिल्या फेरीत मी फोटो काढायच्या नादात काहीच बघितलं नाही. बाबा काचेला नाक लावून उभे होते. गाडी थांबल्यावर म्हणाले, "परत जायचं." दुसऱ्या फेरीत त्यांनी पाणी कुठून सुटतं ते पाहिलं. तिसऱ्या फेरीत ते कुठे जातं ते. चौथ्या फेरीनंतर खाली उतरून बाकावर बसले, बोर्डिंग पासाच्या मागे पेनाने गुणाकार केला. मिनिटाला ३७,८५० म्हणजे तासाला २२ लाख ७१ हजार लिटर. त्यांच्या पंपहाउसवरचे आकडे त्याच्या शेजारी मांडले. मग मला समजावून सांगितलं की इतकं पाणी दर तासाला नवीन आणणं शक्यच नाही, तेच पाणी गाळून पुन्हा वर चढवत असणार, आणि एवढ्या उंचीवर चढवायचं म्हणजे पंप एक नसणार, एक बंद पडला तर दुसरा तयार हवा. "इथेही कोणीतरी पाळीवर बसलेलं असेल बघ," म्हणाले.

एकूण सात फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला गुडघ्याचं विचारलं तर म्हणाले, "अगं, गाडीत तर उभा आहे." एकदाही "तू फिरून ये" म्हणाले नाहीत. सहाव्या फेरीत एक आजी आपल्या नातवाला घेऊन चढल्या. आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना आमची. बाबांनी बोटाने छत दाखवलं, मग तळ दाखवला, मग हाताने पंपाचा दांडा हलवल्यासारखं करून पाणी वर कसं जातं ते दाखवलं. नातवाला ते नीट कळलं. तो पुढचं टर्मिनल येईपर्यंत तोच हात हलवत होता.

मला आईची आठवण आली. टर्मिनल ३ च्या एका टोकाला मोठी काच आहे, तिथवर आम्ही दोघं चालत गेलो आणि परत आलो. बाबांना कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

गेटवर शिरण्याआधी बाटली रिकामी केली, बाकीचंही उरकलं. साडेतीनला मदतनीस बरोबर त्याच जागी आला.

येताना रात्री खोली घेतली. अक्षरधारा, तुमचं खरं आहे, त्या वेळी आराम हाच कार्यक्रम होता. साडेचार तासांचा टायमर लावला होता, पण बाबा त्याच्या आधीच उठून, आवरून, बूट घालून खुर्चीत बसले होते. मी डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य: "इथे पंप किती वाजता सुरू करतात म्हणालीस?" मी म्हटलं, दहा-अकरा. आमचं विमान सातचं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी तिकीट काढताना थांबा असा बघ की पाणी सुरू होतं तेव्हा आपण गाडीत असू.